बॉयलरचा डोळा

बॉयलरमध्ये ज्वाळा पेटायची, घडीभर नाचायची आणि आपोआप विझायची. दसऱ्यापासून डेअरीत हेच चाललं होतं.

"तो डोळा काढा आणि थेट वायर जोडा," मॅनेजर वैतागून म्हणाले.

तपासणीला आलेल्या शलाकाने साफ नकार दिला. ज्वाळा दिसेनाशी झाली की गॅस बंद करणं, हेच त्या डोळ्याचं, म्हणजे ज्वाळेवर नजर ठेवणाऱ्या सेन्सरचं काम. पण धडधडती ज्वाळा समोर असताना ती याला दिसत का नाही? तिला राहवेना. तिने सेन्सर फिरवून बाहेर काढला. काचेवर लालभडक बोट उमटलेलं.

"कुंकू?"

ऑपरेटर हणमंतमामा ओशाळले. "दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा केली, ताई. गेल्या साली यानंच वेळेवर गॅस तोडला, म्हणून मी जिवंत आहे. याला वरवर कसं लावू? काढून लावलं."

शलाकाने काच पुसून सेन्सर बसवला. ज्वाळा पेटली आणि तेवतच राहिली. मग तिने सेन्सर काढून मुठीत झाकला. ज्वाळा तत्काळ विझली. मॅनेजरांनी हातातली वायर गुपचूप खिशात सारली.

"मग पुढच्या दसऱ्याला कुंकू कुठं लावू?" मामांनी विचारलं.

सेन्सर परत बसवून शलाकाने त्याच्या बाहेरच्या टोकावर बोट टेकवलं.

"इथं. डोळ्यात नाही, मामा. कपाळावर."