खूण नसलेली प्रत

"तुम्ही लोकांनी एका आजारी पोरीची झोप चोरलीत!" आजी दारातूनच म्हणाली.

पहारेकऱ्याने मोठ्ठी जांभई दिली आणि तिला आत सोडलं.

आतली खोली निळसर, गार. चोरीच्या प्रती शोधणारा साहेब पडद्यापुढे बसला होता. लाखो घरांत झोपताना ऐकल्या जाणाऱ्या गोष्टींची राखण हे त्याचं काम.

"तुमच्या नातीचं गोष्टी ऐकायचं खातं बंद केलंय, कारण आमची एक गोष्ट तिच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातून फुटली," तो म्हणाला. "कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून नेटवर टाकली."

"उद्या तिचं ऑपरेशन. मग काचेच्या खोलीत ठेवणार. तिथे मला उशाशी बसू देत नाहीत, टॅबलेटवर ऐकलेलं चालतं. ही गोष्ट कानावर पडल्याशिवाय पोर डोळा मिटत नाही." आजीला खोकला आला. दोन कोरडे ठसके, मग एक लांब श्वास. "बाळा, पाणी दे जरा."

पाणी देताना त्याच्या पापण्या जडावल्या. आपण होडीत आहोत आणि ती कुणीतरी अलगद पाण्यात ढकललीय, असं वाटलं. त्याने डोळे चोळले.

"घरोघरी जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत आम्ही खूण पेरतो. कुठे श्वास केसभर लांब, कुठे आखूड. त्यावरून चोर सापडतो. पण हा बेरका निघाला. खूण पार पुसलीय, वर मध्येच खोकला घुसडलाय. दोन ठसके!"

"तू ऐकलीस का रे गोष्ट?"

"मी? वेळ कुणाला आहे! मशीन ऐकतं."

"आणि सांगितलीय कुणी?"

"जुनं रेकॉर्डिंग आहे, दुसऱ्या कंपनीकडून घाऊक घेतलेलं. असेल कुणी बाई. तिचा आता काय संबंध? हक्क आमचे."

"बरं. तुमची अस्सल प्रत लाव पाहू."

त्याने लावली. मऊ आवाज खोलीभर पसरला. "नदी झोपली, तेव्हा होडी म्हणाली, मला कुशीत घे..."

त्याची मान कलली. पहारेकरी दाराला टेकला. पडद्याचा निळा उजेड पाण्यासारखा हलू लागला.

नोकरी जाईल, या धास्तीने साहेब दचकला आणि त्याने बटण दाबलं. रेकॉर्डिंग बंद पडलं.

गोष्ट थांबली नाही. समोरच्या खुर्चीतून ती तशीच पुढे चालली होती, त्याच मऊ आवाजात. मग दोन ठसके आले, एक लांब श्वास.

"आता बोल, साहेब. माझ्या नातीला माझा आवाज देणार आहेस की नाही?"