रिकामा वाफा

पहिला दणका दोडक्याच्या मांडवावर बसला. बांबू कडाकडा मोडले आणि वेल पोरांच्या अंगावर आले. दुसऱ्या दणक्याला चुलीवरचं आंबिलीचं पातेलं उडालं, बारकी मोना किंचाळत भिंतीकडं पळाली. हंबीरराव वस्तादाच्या हातात खोऱ्याचा दांडा होता आणि डोक्यात सैतान शिरला होता.

"माती कुणी चोरली? बोला, न्हाईतर एकेकाची तंगडी मोडतो."

रविवारची सकाळ होती. शिवाजी पेठेतल्या बायकांचं मंडळ तालमीमागच्या मोकळ्या जागेत पोरांचा वर्ग घ्यायचं. पंधरा-सोळा पोरं वाफे करायची, मेथी-चाकवत लावायची, आणि आपण पिकवलेलं आपणच रांधून खायची. पाकिटातलं कुरकुरीत खाऊन पोरं नुसती भुसकट झालीत, असं वर्ग चालवणाऱ्या वर्षाराणीबाईंचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. हंबीररावाची सोळा वर्षांची अनुजा त्या पोरांत सगळ्यात थोरली. दोन वर्षांपूर्वी त्यानंच तिला इथं आणून घातलं होतं. पोरगी चुलीपाशी रमली की डोक्यातली खुळं जातील, असं त्याला वाटलं होतं.

पण माती म्हणजे हंबीररावाचा जीव. त्याच्या गुरूनं, आकाराम वस्तादानं, मरताना तालमीतला कुस्तीचा हौदा त्याच्या हवाली केला, तेव्हापासून तीस वर्षं ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून त्यानं ती लाल माती पोटच्या पोरासारखी जपलेली. कित्येक महिने ती कमी कमी दिसत होती. आज जोर मारताना हात खालच्या मुरमाला घासला आणि त्याची खात्री पटली. बाहेर येऊन बघतो तर लाल मातीचा माग भिंतीला वळसा घालून थेट बागेत गेलेला. हौद्याच्या मातीत कोथिंबीर? त्यापेक्षा कुणी त्याची मिशी उतरवली असती तरी चाललं असतं.

वर्षाराणीबाई आडव्या आल्या. अंगानं किरकोळ, पण आवाज खणखणीत. "वस्ताद, पोरं हायती ही. दांडा खाली ठेवा, मग काय ते बोलू."

"तुमच्या भाजीपाल्यासाठी माझा हौदा उकरला व्हय?"

त्यानं त्यांना बाजूला ढकललं. कोपऱ्यात हिरवी जाळी बांधून आडोसा केला होता. तिथं रोपं करतो, असं पोरं घरी सांगायची. त्यानं जाळी टराटरा फाडली. आत खोलीएवढा वाफा. माती त्याचीच, तेलाकापराच्या वासासकट. आणि त्यात एक कोंबसुद्धा नव्हता. चोरली ती चोरली, वर नुसती पसरून ठेवली. त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"त्यात पाय टाकू नका," म्हणत बाई पुन्हा पुढं आल्या.

दांडा फिरला. बाईंच्या हाताचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. त्या मटकन खाली बसल्या. तरी हंबीररावानं दांडा परत उचलला. आता तो डोक्यातच बसायचा.

बसला नाही. खालून काहीतरी त्याच्या मांड्यांवर आदळलं. दोन्ही पाय मागून आवळले गेले, एक खांदा पोटात घुसला, आणि शंभर किलोचा हंबीरराव वस्ताद जमिनीवरून सुटला. पाठ धाडकन मातीत पडली. दांडा कुठल्या कुठं गेला. श्वास परत आला तेव्हा छातीवर अनुजा होती, सगळं वजन टाकून, त्याचे दोन्ही खांदे मातीला दाबून. दुहेरी पट, दोन्ही पाय उचलून चीत करायचा डाव. वीस वर्षांत त्याच्यावर कुणी काढला नव्हता.

त्यानं मान वळवली. गालाजवळच्या मातीत टाचांचे ओरखडे होते. गुडघ्यांचे खळगे होते. पाठ टेकल्याचे ठसे होते, अरुंद, लहान लहान पाठींचे. फाटक्या जाळीपाशी सात-आठ पोरी उभ्या होत्या आणि त्यांच्या वेण्यांतसुद्धा लाल माती होती. उभ्या जन्मात मातीच वाचत आलेला माणूस तो. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. भाकरी-उसळ रांधून, खाऊन पोरी इथं कुस्तीला उतरत होत्या. आजकालच्या नव्हे, कित्येक महिन्यांच्या.

दोन वर्षांपूर्वी हीच पोरगी तालमीच्या उंबऱ्यावर उभी राहून 'आबा, मलाबी शिकवा' म्हणाली होती. बाईमाणसानं तो उंबरा ओलांडायचा नसतो. त्यानं सगळ्या पठ्ठ्यांसमोर तिच्या कानाखाली जाळ काढला होता. तालमीच्या मागच्या झरोक्यातून ती तेव्हापासून बघत राहिली असणार. हा पट त्याचाच होता.

त्याला लाज वाटायला पाहिजे होती. पण मेलं काय झालं कुणास ठाऊक, त्याचा ऊर भरून आला. आपल्या हातून काय झालंय याचाच त्याला विसर पडला.

"मान खाली घालून घुसलीस," तो खालनंच म्हणाला. आवाज वस्तादाचा होता. "मान वर पाहिजे. ऊठ. परत धर."

मागं वर्षाराणीबाई मोडका हात पोटाशी धरून कण्हत होत्या. अनुजानं तिकडं एकदा बघितलं. खांद्यांवरचा दाब तसूभरही हलला नाही.

"आदी बाईंची माफी मागा, आबा," ती म्हणाली. "तवर कुणी उठायचं न्हाई."