तिरपा घाव

शाळेनं राखलेल्या रानातल्या धावड्याच्या झाडाची ओली फांदी सकाळी गायब दिसली, आणि नाहिद मॅडमचं डोकंच फिरलं. वर्षभर घसा कोरडा करून पोरांना शिकवलं होतं, की सरपण वाळलेलंच आणायचं. ओलं तोडायची वेळच आली, तर एकच फांदी, घाव तिरपा आणि वरून शेणाचा लेप.

"कुणी तोडली?" त्यांनी वर्गात येऊन विचारलं.

मॅडम तणतणत झाडाजवळ गेल्या. घाव तिरपा होता. वर शेण लिंपलेलं होतं, त्यावर इवल्या बोटांचे ठसे होते.

मागोमाग आलेली पाचवीतली फलक रडवेली उभी होती.

"म्याडम, अब्बा तर बुंध्यालाच कुऱ्हाड घालून राह्यलते. मी बुंधा सोडलाच न्हाई, तवा कुठं एका फांदीवर राजी झाले."