कासारीण उभी आहे

ठकूआत्यांच्या मनगटात शेवटची हिरवी बांगडी चढली. आता रीतीप्रमाणे त्यांनी कासारणीला हात जोडायचे. पण त्यांनी हात पदराखाली ओढून घेतले.

"आधी सांग भागीरथे, आमदारांचे पैसे घेऊन माघार घेतलीस का? पेपरात तर लढत दोघांचीच लिहिलीय."

भागीरथी हसली. धरणाचं पाणी आमदारांच्या कारखान्याऐवजी गावांना मिळावं, म्हणून ती निवडणुकीला अपक्ष उभी होती. "पेपरवाला आला होता, आत्या. पन्नास हजार दिले तर रोज फोटो, नाहीतर नावसुद्धा नाही, म्हणाला. मी म्हटलं, नको छापूस. माघार घेतली असती, तर या उन्हात डोक्यावर टोपलं घेऊन कशाला हिंडले असते?"

आत्या तिच्या पायांकडे बघत राहिल्या. पोटऱ्यांपर्यंत चार गावांची धूळ चढली होती. मग त्यांनी पदराखालून हात काढले, जोडले आणि ओट्यावरूनच हाळी दिली, "अगं पोरींनो, कासारीण उभीच आहे गं!"

दारादारांतून बाया आल्या, मनगटं पुढे झाली. "पैसे पुरते घे हं बाई, फुकट भरशील तर आचारसंहिता लागेल!" कुणीतरी ओरडलं आणि सगळी आळी खिदळली.

"उद्या कुठं?" आत्यांनी विचारलं.

"वडगावला."

"वडगावात माझी लेक दिलीय, सांगवीत नात. त्यांना मी आत्ताच निरोप धाडते," आत्या म्हणाल्या. "तू आपली त्या दोन्ही गावांच्या पुढची वाट धर."