दोमिनेचं बहिणीला पत्र

"वाच, पण लवकर आटप, उसी," गावचा राजा योप थोरल्या बहिणीला, सालोमिनाला, म्हणाला. "पोरीच्या पायी गावाला तमाशा नको."

सालोमिनानं सावकाश चष्मा पुसला. सगळा जन्म शाळा शिकवण्यात गेलेला. घाई कशाशी खातात ते तिला ठाऊक नव्हतं.

चावडी गच्च भरली होती. एका अंगाला हातुवाईची माणसं, दुसऱ्या अंगाला होड्या भरून आलेली लेसिलोलोची. दोन्ही गावं भाऊगावं. डचांच्या काळात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बोटं चिरली, ताडीच्या एकाच प्याल्यात रक्त मिसळलं आणि ते पिऊन शपथ घेतली, तेव्हापासूनची. भावानं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. चर्चचं छप्पर मिळून शाकारायचं. आणि रक्त एक झालं, म्हणून एकमेकांत लग्न करायचं नाही. कुणी केलंच, तर दोघांना झावळ्या गुंडाळून गावभर फिरवायचं.

योपला तीच धास्ती होती. त्याची मुलगी रिका गेलं वर्षभर या ना त्या निमित्तानं लेसिलोलोला पळत होती. तिथं मार्कुस नावाचा एक गिटारवाला होता, केस मानेवर आलेले. आणि नेमक्या त्याच वर्षात उसीला, म्हणजे ताईला, जुन्या कागदांचं वेड लागलं. जाकार्ताच्या दफ्तरखान्यात तीन खेपा झाल्या. योपनं एकदा तिला सरळच विचारलं होतं, "कुणासाठी चाललंय हे सगळं?"

"ज्याला लग्न करायचंय त्याच्यासाठी," ती म्हणाली आणि साबूच्या पिठाची पापेदा ढवळत बसली.

भाचीचे असे लाड! पण आई गेल्यावर योपला या बहिणीनंच वाढवलं होतं. तिच्यापुढं त्याचा आवाज चढत नसे.

मागच्या बाकावर दोमिंगुस टेकला होता, लेसिलोलोचा म्हातारा होडीवाला. सालोमिनाला बंदरावर तोच सोडायचा. आज भर उकाड्यात त्यानं काळा कोट चढवला होता.

"काय रे दोमिंगुस, कोण गेलं?" कुणीतरी हटकलं.

"अजून कुणी नाही. तेवढ्यात कामं उरकावीत म्हटलं."

लोक हसले. सालोमिनानं कागद उघडला.

"हे पत्र दोमिने कोर्स्टनचं, जाकार्तात सापडलेलं. आपल्या चर्चमध्ये तसबीर आहे तो."

सगळ्यांना माहीत होता. दोमिने म्हणजे डचांचा पाद्री; हा कॅल्विनच्या पंथाचा, कडक, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड.

"'प्रिय बहिणी,'" ती वाचू लागली, "'तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? इथल्या दोन गावांनी रक्त पिऊन शपथ घ्यायचं ठरवलं. मी शास्त्र सांगितलं, ओरडलो, पण ऐकतो कोण! शेवटी आशीर्वाद देतो म्हणून प्याला आत नेला, परसात उपडा केला, धुतला आणि त्यात प्रभुभोजनाचा द्राक्षारस ओतला. ते प्यायले. चव निराळी लागली, तर म्हणाले, ही आशीर्वादाची चव. मग एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. रक्ताचा थेंब त्यात नव्हता. पण ज्यांच्या श्रद्धेची परीक्षा झाली नाही अशांना मी प्रभूचा प्याला पाजला. वरिष्ठांना कळलं तर माझी धडगत नाही. हे पत्र वाचून जाळून टाक.'"



"बहिणीनं जाळलं नाही वाटतं," एक म्हातारी म्हणाली.

"बहिणी ठेवतात जपून," सालोमिना म्हणाली.

लेसिलोलोच्या पाद्र्यानं कागद घेतला, दफ्तरखान्याचा शिक्का पाहिला, ओठ हलवत सगळं वाचलं. "अक्षरन् अक्षर खरं आहे," तो म्हणाला.

"अरे मेल्या, फसवलंस की!" म्हातारी तसबिरीच्या दिशेनं ओरडली आणि चावडीत हशा उसळला.

लेसिलोलोचा वडीलधारा एलिफास मात्र काठी टेकत उठला. "मग आम्ही तुमचे कोण? उद्यापासून तुमच्या छपरावर आम्ही कशाला चढायचं?"

योपनं मान खाली घातली. भाऊपण तुटेल याचीही त्याला भीती होती.

"बापा एलिफास," सालोमिना म्हणाली, "त्या प्याल्यातून तर सगळं चर्च पितं. नवराबायको एकाच रांगेत पितात. म्हणून काय बहीणभाऊ झाले? आणि छपरावर चढताना खरं सांगा, तुम्हाला रक्त आठवायचं का आमची माशाची आमटी?"



"आमटी," एलिफास म्हणाला आणि खो खो हसत खाली बसला.

योप उठला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. रक्त नव्हतं, तर पोरीचं पाप कसलं? त्यानं राजदंड जमिनीवर आपटला. "भाऊपण राहील. लग्नाची बंदी आजपासून उठली!"

शंख फुंकले गेले, ढोल वाजले. दोन्ही गावची माणसं उठून एकमेकांना मिठ्या मारू लागली. योपचे डोळे भरून आले.

"बोलाव त्याला, रिका," तो म्हणाला. "बापाचं मन एवढं छोटं नाही."

"कुणाला, पपा?"

"मार्कुसला!"

"मार्कुस?" रिका फिसकन हसली. "त्याला धड गिटारसुद्धा वाजवता येत नाही!"

"मग लेसिलोलोला रोज काय करायला जात होतीस?"

"निरोप पोचवायला."

योपनं बहिणीकडे पाहिलं. ती पुन्हा चष्मा पुसत होती, आणि आता तिचं लक्ष मागच्या रांगेकडे होतं. मागचं बाक करकरलं. काळ्या कोटातला दोमिंगुस गर्दीतून वाट काढत पुढं आला आणि टोपी छातीशी धरून उभा राहिला.

"राजे, या जागी तुमचे वडील बसायचे तेव्हा धीर झाला नाही. मी तुमच्या थोरल्या बहिणीला मागणी घालायला आलोय."