बोट वाढवली

थोरल्या जाऊबाईंना घरात फोडणं-तोडणं हे शब्द चालत नसत. नारळ वाढवायचा, काकण पिचलं तरी ते वाढलं म्हणायचं. थोरले भावोजी नेव्हीच्या फ्रिगेटवर बॉयलरला होते. बोटीच्या पोटातल्या त्या खोलीत वारा येत नाही, म्हणून एका संध्याकाळी ते डेकवर आले आणि लाटेनं त्यांना ओढून नेलं. प्रेत मिळालं नाही. जाऊबाईंनी चुडा उतरवला नाही. “ते बोटीवर गेलेत. बोट आहे तोवर मी सवाशीण,” म्हणायच्या. पुढे ती बोट एकाहत्तरची लढाई लढली, मग नव्या पोरांना शिकवायला लागली, शेवटी तोफा उतरवून बंदरात नुसती उभी राहिली. जाऊबाई कांजूरमार्गच्या चाळीत बसून तिची खबर ठेवत. गिरण्यांचा संप लांबला तसा माझा नवरा दारूखान्यात जुनी जहाजं कापायला जाऊ लागला. काल तो पाटाएवढा जाड पत्रा घेऊन आला. उंबऱ्याशी ठेवला आणि खाली बघत म्हणाला, “वैनी, दादाची बोट... वाढवली. बॉयलरची खोली मीच कापली.” जाऊबाईंनी पत्रा पदरानं पुसला. त्याच्यापुढे बसल्या, दोन्ही मनगटं त्याच्यावर टेकवली. “कुंदे, वरवंटा आण.” मी आणला. “वाढवू, जाऊबाई?” “वाढव कसलं गं?” त्या म्हणाल्या. “फोड.”