चार सेंटिमीटर

ध्रुवावरचा बर्फ किती पातळ झाला, ते मी सातशे किलोमीटरवरच्या उपग्रहाच्या मदतीने, खुर्चीत बसून, सेंटिमीटरमध्ये सांगतो. दर वर्षी अहवाल घेऊन जातो आणि दर वर्षी साहेब लोक म्हणतात, "अजून थोडा अभ्यास करू, मग बघू." आजही त्यांच्या नावाने खडे फोडतच घरी आलो, तर स्वयंपाकघरात पाण्याचं तळं.

"महिनाभर तुझ्या कानीकपाळी ओरडतेय, फ्रीजरमध्ये बर्फ साचलाय, दार लागत नाही!" बायकोने चक्क पट्टी लावून दाखवली. "हे बघ, चार सेंटिमीटर. कधी काढणार आहेस?"

मी चष्मा पुसला, वाकून पट्टी दोनदा वाचली आणि गंभीरपणे म्हणालो,



"अजून थोडा अभ्यास करू, मग बघू."